आधी काय, मग काय: स्वयंपाकघरातली विकरे

मोहरीचा एकच दाणा दोन तऱ्हांनी वागतो. कडकडीत तेलात तडतडला की खमंग लागतो, पण नाकाला झोंबत नाही. तोच गार पाण्याबरोबर वाटून फेसला, तर काही मिनिटांत झणका थेट डोक्यात जातो आणि डोळ्यांत पाणी येते. फोडणीतल्या मोहरीत हा झणका कधी तयारच होत नाही. मोहरीत सिनिग्रिन नावाचे एक संयुग असते आणि मायरोसिनेज नावाचे एक विकर, म्हणजे एन्झाइम, असते. अख्ख्या दाण्यात ही दोन्ही वेगवेगळ्या पेशींत राहतात. दाणा फुटला आणि पाणी मिळाले की ती एकत्र येतात, विकर त्या संयुगाचे तुकडे करते आणि त्यातून झोंबणारे, हवेत उडून जाणारे तेल निर्माण होते. फोडणीत मात्र दाणा फुटण्याआधीच उष्णतेने विकर निकामी झालेले असते. जिन्नस तेच, प्रमाण तेच. आधी वाटले की आधी तापवले, एवढ्यावर चव ठरली. स्वयंपाकातल्या पुष्कळ गोष्टींचा निकाल अशाच क्रमावर आणि वेळेवर लागतो. त्यामागे काम करणारे विकर ओळखले, त्याला चालू द्यायचे की थांबवायचे हे ठरवले, तर कुठली पायरी आधी घ्यायची याचे उत्तर प्रत्येक पदार्थासाठी वेगळे पाठ करावे लागत नाही.

विकरे ही जवळजवळ सगळी प्रथिने असतात. शरीरात किंवा दाण्यात एरवी फार सावकाश घडणारी रासायनिक क्रिया ती कित्येक पटींनी वेगाने घडवतात आणि स्वतः त्यात खर्ची पडत नाहीत. त्यामुळे थोडेसे विकर पुष्कळ काम उरकते. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाहून नेण्यास मदत करणाऱ्या कार्बोनिक अॅनहायड्रेज या विकराचा एक रेणू सेकंदाला सुमारे दहा लाख रेणूंवर क्रिया करू शकतो. हे साधते ते आकारामुळे. प्रथिनाची लांब साखळी विशिष्ट घडीत दुमडलेली असते, त्या घडीत एक खाच तयार होते आणि ठरावीक रेणूच त्या खाचेत बसतो. एमिल फिशर यांनी 1894 साली याला कुलूप-किल्लीची उपमा दिली. डॅनियल कॉशलँड यांनी 1958 साली तीत दुरुस्ती केली: रेणू आत येताना खाचही थोडी हलते आणि त्याच्याभोवती जुळवून घेते. विकर जिवंत नसते, हेही ध्यानात ठेवायला हवे. एदुआर्ड बुखनर यांनी 1897 साली यीस्टच्या पेशी चिरडून काढलेल्या, एकही जिवंत पेशी नसलेल्या रसाने साखरेचे मद्य होते हे दाखवले आणि त्यासाठी त्यांना 1907 सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. सगळी करामत आकाराची असेल, तर आकार बिघडवणारी प्रत्येक गोष्ट काम थांबवणार. आकार शाबूत ठेवून रेणूंची गाठ लवकर घालून देणारी प्रत्येक गोष्ट काम वाढवणार. उष्णता, आंबटपणा, पाणी, वाटणे-कुटणे, मीठ या साऱ्यांचा विचार याच अंगाने करावा.

उष्णतेची गंमत अशी, की ती आधी मदत करते आणि मग घात करते. साधारण दहा अंश तापमान वाढले की विकराच्या कामाचा वेग अदमासे दुप्पट होतो. पण एका मर्यादेपलीकडे प्रथिनाची घडी उलगडते आणि वेग एकदम कोसळतो. पुन्हा गार केल्याने ती घडी सहसा परत बसत नाही. ही मर्यादा सगळ्या विकरांची एक नसते. आपल्या शरीरातली विकरे 37 अंशांच्या आसपास रमतात. रताळ्यातले पिष्ठाची साखर करणारे विकर मात्र 60 ते 75 अंशांच्या पट्ट्यात जोरात चालते, आणि सोयीची बाब म्हणजे रताळ्यातले पिष्ठ शिजून फुगायला लागते तेही याच सुमारास. कच्च्या पिष्ठाच्या घट्ट कणांवर विकराचा फारसा इलाज चालत नाही. ते फुगले की काम सोपे होते. म्हणून चुलीच्या गरम राखेत तासभर पुरून ठेवलेले रताळे गोड लागते आणि प्रेशर कुकरमध्ये झटपट उकडलेले तेवढे गोड लागत नाही. कुकर हा पट्टा काही मिनिटांत ओलांडून जातो. राखेतल्या रताळ्यातले पाणी आटते, साल करपते, त्याचाही चवीत वाटा आहे. पण माल्टोज ही साखर वाढते ती विकरामुळेच. उपवासाला गोड रताळी हवी असतील तर ती अख्खी, न चिरता, गार पाण्यात घालावीत, आच इतकी मंद ठेवावी की पाणी चांगले गरम राहील पण उकळणार नाही, आणि अर्ध्या-पाऊण तासाने उकळी आणून शिजवावीत. फोडी केल्या तर त्या लवकर तापतात आणि झालेली साखरही पाण्यात उतरते.

आल्याचा चहा फाटतो, त्यातही हाच हिशेब आहे, फक्त उलट्या दिशेने. ताज्या आल्यात झिंजिबेन नावाचे प्रथिने तोडणारे विकर असते. दूध तापत असताना, साठ-सत्तर अंशांच्या टप्प्यात, ते दुधातल्या केसिन या प्रथिनाचे तुकडे करते आणि दूध नासते. चीनच्या ग्वांगदोंग प्रांतात याच गुणाचा मुद्दाम उपयोग करून गरम दुधात आल्याचा रस घालतात आणि दह्यासारखा घट्ट गोड पदार्थ लावतात. आपल्याला चहा हवा असतो, म्हणून इथे विकर थांबवायचे. आले किसून आधी पाण्यातच दोन-तीन मिनिटे खळखळ उकळावे आणि दूध त्यानंतर घालावे. दूध मुळातच आंबट व्हायला लागले असेल तर ही युक्ती उपयोगी पडणार नाही, कारण तिथे दोष आंबटपणाचा आहे. अननसाचेही असेच. ताज्या अननसाच्या फोडी दह्यात किंवा श्रीखंडात घालून ठेवल्या की काही वेळाने कडवटपणा येतो, कारण अननसातले ब्रोमेलेन दुधातल्या प्रथिनांचे लहान लहान तुकडे करते आणि त्यांतले काही कडू लागतात. फोडी साखरेच्या पाकात चांगल्या शिजवून, गार करून घातल्या तर हा प्रश्न येत नाही. मटणाला कच्ची पपई लावताना मात्र हेच तोडणे हवे असते. तिथे पपई वाटून लावावी आणि बेताने लावावी; जास्त वेळ ठेवले की वरचा थर पिठूळ होतो आणि आतले मांस तसेच राहते, कारण विकर खोलवर झिरपत नाही.

थंडीबद्दल मोठा गैरसमज आहे. फ्रिज विकराचा वेग कमी करतो, त्याचा आकार मोडत नाही. हिवाळ्यात स्वस्त मिळणारे मटार सोलून सरळ फ्रीझरमध्ये टाकले, तर काही आठवड्यांत त्यांचा रंग फिका पडतो आणि गवतासारखा वास येतो. उणे अठरा अंशांतही लायपॉक्सिजनेजसारखी विकरे सावकाश का होईना काम करत राहतात. म्हणून मटार आधी भरपूर उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटे टाकावेत, लगेच बर्फाच्या पाण्यात गार करावेत, कोरडे करून मग गोठवावेत. पाणी थोडे आणि मटार फार असतील तर पाण्याची उकळी बसते आणि मटार नुसते कोमट होतात. हे तर न उकळण्यापेक्षाही वाईट: पेशी मऊ पडून आतले रस एकमेकांत मिसळतात आणि विकरे शाबूतच राहतात.

बाजरीचे पीठ कडू का होते, हा प्रश्न महाराष्ट्रातल्या प्रत्येक घराचा आहे, आणि तो जरा नीट समजून घेण्याजोगा आहे. बाजरीत शंभर ग्रॅमला सुमारे पाच ग्रॅम स्निग्धांश असतो. गव्हाच्या किंवा ज्वारीच्या तुलनेत तो जास्त. हा स्निग्धांश मुख्यतः अंकुरात असतो आणि तो तोडणारे लायपेज हे विकरही अंकुरात आणि सालीलगतच्या थरात असते. अख्ख्या दाण्यात दोन्ही आपापल्या जागी गप्प असतात, म्हणून बाजरी महिनोन्‌महिने टिकते. गिरणीतून दळून आणली की दोघांची गाठ पडते. बहुतेक विकरांना कामाला भरपूर पाणी लागते, पण लायपेज कोरड्या पिठातल्या थोड्याशा ओलाव्यावरही चालते. ते स्निग्धांशातून मेदाम्ले मोकळी करते, ती हवेने खराब होतात, आणि आठवडाभरात भाकरीला कडसर चव आणि कोंदट वास येतो. डबा हवाबंद केल्याने दुसरी पायरी थोडी लांबते, पहिली थांबत नाही. उपाय सरळ आहे: बाजरी दाण्याच्या रूपात साठवावी, चार-पाच दिवसांपुरतीच दळावी, उरलेले पीठ फ्रिजमध्ये ठेवावे. थालीपिठाची भाजणी मात्र दोन-तीन महिने सहज टिकते आणि तिच्यातही पुष्कळदा बाजरी असते. फरक क्रमाचा. भाजणीत प्रत्येक धान्य आणि डाळ आधी भाजतात, गार करतात आणि मग दळतात. दळून स्निग्धांश मोकळा होईपर्यंत लायपेज निकामी झालेले असते. इथे कुणी म्हणेल की भाजणी टिकते ती ओलावा गेल्यामुळे, विकराचे नाव कशाला. ओलाव्याचा वाटा आहेच, आणि कीड व बुरशी न लागण्याचे ते मुख्य कारण आहे. पण बाजरी नुसती उन्हात कडकडीत वाळवून दळली तरी पीठ कडू होतेच. उन्हाने ओलावा कमी झाला तरी विकर मरत नाही. म्हणून घाईत अर्धवट भाजलेली भाजणी लवकर खराब होते. दाणा आतपर्यंत तापला पाहिजे, वरचा रंग बदलणे पुरेसे नाही.

मोड आणलेल्या नाचणीच्या पिठात विकर चालवायचे असते, आणि लहान मूल असलेल्या घराने ही पद्धत शिकून घ्यावी असे मला मनापासून वाटते. सहा महिन्यांनंतर बाळाला दुधाबरोबर वरचे अन्न लागते. त्याचे पोट लहान असते. पेज बाळाला गिळता यावी म्हणून आपण तिच्यात पाणी वाढवतो, आणि वाटीभर पेजेत पिठाचे प्रमाण फार थोडे राहते. पोट भरते, पोषण पुरत नाही. धान्याला मोड आले की त्यात अमायलेज हे पिष्ठ तोडणारे विकर भरपूर तयार होते, कारण अंकुराला वाढायला साखर लागते. हे पीठ चमचाभर घातले की घट्ट पेज काही मिनिटांत पातळ होते, पाण्याचा थेंबही न वाढवता. 1980च्या दशकात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा अमायलेजयुक्त पिठाचा बालआहारासाठी पद्धतशीर अभ्यास केला. करायचे असे: नाचणी धुऊन रात्रभर भिजवावी, फडक्यात बांधून एक-दोन दिवस मोड येऊ द्यावेत, उन्हात खडखडीत वाळवावी, हलकीशी गरम करून दळावी आणि वस्त्रगाळ करावी. हलकीशी या शब्दाला इथे किंमत आहे. कोरड्या अवस्थेत विकर ओल्यापेक्षा जास्त उष्णता सोसते, त्यामुळे थोडे भाजणे चालते. पण खमंग वास सुटेपर्यंत भाजले तर चव वाढते आणि अमायलेज संपते. पुढे पेज करताना साध्या पिठाची पेज आधी नीट, घट्ट शिजवावी. आचेवरून उतरवून ती बोट जेमतेम सोसवेल इतकी निवली की मोडाचे पीठ घालून ढवळत राहावे, पातळ झाली की पुन्हा एक उकळी द्यावी आणि कोमट करून भरवावी. उकळत्या पेजेत पीठ घातले तर विकर क्षणात मरते, पेज घट्टच राहते, आणि मग पिठाला दोष दिला जातो. शेवटची उकळी चुकवू नये: मोड येण्याच्या ओलाव्यात आणि उबेत जंतूही वाढतात. मोडांना आंबूस वास आला किंवा बुरशी दिसली तर ती नाचणी टाकून द्यावी. भिजवलेली नाचणी वाटून, गाळून, वरचे पाणी ओतून खाली बसलेले सत्त्व वाळवण्याचीही रीत आहे. ते सत्त्व पचायला हलके असते, पण अमायलेज पाण्यात विरघळणारे असल्याने त्या ओतलेल्या पाण्याबरोबर बरेचसे निघून जाते; पेज पातळ करायला त्याची फारशी मदत होत नाही.

आता आंबटपणा. शास्त्राच्या पुस्तकात याला सामू म्हणतात, आणि प्रत्येक विकराचा आवडता सामू वेगळा असतो. लाळेतले अमायलेज साधारण उदासीन सामूला चालते, म्हणून भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोडसर लागतो; जठरातल्या तीव्र आम्लात ते बंद पडते. तिथे पेप्सिन काम करते, त्याला सामू दोनच्या आसपास लागतो. पुढे लहान आतड्यात ट्रिप्सिनला साधारण आठ लागतो. घरात याचा उपयोग चिरलेल्या वांग्या-बटाट्यांना होतो. त्यांना काळे करणाऱ्या विकराला हवेतला ऑक्सिजन लागतो, म्हणून पाण्यात बुडवले की काम अडते. लिंबू पिळले की आम्लाने अडते. मोहरी फेसतानाही आंबट शेवटी घालावे. पाण्यात फेसून दहा-पंधरा मिनिटे झाकून ठेवावी, झणका पुरता चढला की मग लिंबू किंवा दही. आधीच आंबट घातले तर विकर मंदावते. लोणच्यात मोहरीची डाळ घालून वर कडकडीत तेल ओतले तर तिखटपणा दबतो. कुणाला तो तसाच आवडतो, पण झणझणीत हवे असेल तर तेल पूर्ण गार करून ओतावे.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो आज पुष्कळ लोकांच्या आहारावर परिणाम करतो आहे. शिजवल्याने विकरे मरतात, म्हणून अन्न कच्चेच खावे, म्हणजे त्यातली विकरे आपल्याला पचनात मदत करतील, असे सांगितले जाते. या म्हणण्याचा पहिला भाग खरा आहे, दुसरा टिकत नाही. काकडीतले किंवा पालकातले विकर वनस्पतीच्या कामासाठी असते, आपल्या पचनासाठी नाही. जठरातल्या आम्लात ते बहुतेक वेळा मोडते आणि इतर प्रथिनांसारखे पचून जाते. आपले स्वादुपिंड रोज सुमारे एक ते दीड लिटर पाचक रस स्वतः तयार करते. उलट काही कच्चे अन्न पचनाला अडथळाच आणते. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिनला जखडून ठेवणारी प्रथिने असतात, आणि ती नष्ट करायलाच सोयाबीन नीट शिजवावे लागते. कच्चे खाण्याची बाजू घेणाऱ्यांच्या म्हणण्यात एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. काही भाज्यांत विकराचे काम खाण्याआधी, चिरताना घडते आणि ते घडू दिले पाहिजे. लसूण ठेचली की अलिनेज हे विकर अलिनपासून अलिसिन तयार करते. अख्खी पाकळी सरळ गरम तेलात टाकली तर अलिसिन जवळजवळ होतच नाही. ठेचून दहा मिनिटे ठेवावी आणि मग शिजवावी. इथे कच्चेपणा हवा तो पाटावर, ताटात हवाच असे नाही.

विकरांच्या गोळ्यांबद्दलही याच कसोटीने बोलता येते: विकर कुठे पोचणार आणि तिथला सामू काय? दूध प्यायले की पोट फुगते अशा व्यक्तीत बहुधा दुग्धशर्करा तोडणारे लॅक्टेज हे विकर कमी पडते. लॅक्टेजची गोळी दुधाच्या पहिल्या घोटाबरोबर घेतली तर उपयोग होतो, तासाभराने घेतली तर होत नाही, कारण दूध तोवर पुढे गेलेले असते. अशा लोकांना दही सहसा बाधत नाही: त्यातल्या जिवाणूंनी थोडी दुग्धशर्करा आधीच संपवलेली असते आणि त्यांचे विकरही दह्याबरोबर आतड्यापर्यंत पोचते. स्वादुपिंडाच्या आजारात डॉक्टर देतात त्या विकरांवर आम्लात न विरघळणारे आवरण असते, कारण उघडे लायपेज जठरातच संपेल. म्हणून त्या गोळ्या कुटून किंवा चावून घेऊ नयेत आणि जेवणाबरोबरच घ्याव्यात. निरोगी माणसाने जेवणानंतर सवयीने पाचक विकरांची गोळी घ्यावी याला मला आधार दिसत नाही. पचनाची तक्रार रोजची असेल तर ती तपासून घ्यायला हवी, गोळीने झाकायला नको.

आजीला हे सगळे विकराचे नाव न घेता येत होते, मग नावाची गरज काय, असेही विचारता येईल. आजीचे ज्ञान तिच्या चुलीला, पाट्याला आणि ऋतूला नेमके बसवलेले होते. मिक्सरमध्ये मोहरी सलग फिरवली तर भांडे तापते आणि झणका कमी येतो, हे पाट्यावर वाटणाऱ्या बाईला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आज थांबत थांबत, गार पाण्याने फिरवावे लागते. फ्रीझर, कुकर, तयार पिठे ही नवी साधने आली की जुना क्रम जसाच्या तसा लागू पडत नाही, आणि कारण माहीत असल्याशिवाय तो बदलता येत नाही.

कपडे धुण्याच्या पावडरीलाही हेच लागू आहे, आणि तिथे चुकले तर नुकसान महाग पडते. पाकिटावर एन्झाइम लिहिलेले असेल तर त्यात बहुधा प्रथिने तोडणारे प्रोटिएज असते. रक्ताचे, दुधाचे, अंड्याचे डाग त्याने छान निघतात, पण त्याला वेळ द्यावा लागतो. डाग आधी गार पाण्याने धुवावा, मग पावडरीच्या कोमट पाण्यात अर्धा तास भिजवावा. उकळते पाणी डागातले प्रथिन कापडावर घट्ट बसवते आणि विकरही मारते. ब्लीच सोबत घातले तरी विकर वाया जाते. सुती कापडाला प्रोटिएजचा त्रास नाही, कारण कापूस म्हणजे सेल्युलोज. रेशीम आणि लोकर ही मात्र स्वतःच प्रथिने आहेत. पैठणी किंवा लोकरीची शाल अशा पाण्यात भिजत ठेवली तर विकर डाग आणि धागा यांत फरक करत नाही. त्यांच्यासाठी एन्झाइम नसलेले सौम्य द्रव घ्यावे, आणि घेण्याआधी पाकिटामागची बारीक अक्षरे वाचावीत.